मक्षिकास्थाने मक्षिका

जुन्या दप्तरखान्यांत आणि मठांत पोथ्यांच्या नकला करून देणारे लेखनिक जेव्हा पोटापाण्यासाठी दिवसभर बोरू चालवीत बसत, त्या काळची एक आख्यायिका मराठी भाषेने एका संस्कृत शब्दजोडीत जतन करून ठेवली आहे. मूळ पोथीच्या एका पानावर माशी चिरडून चिकटली होती. नक्कल करणाऱ्याने अक्षर न् अक्षर तर उतरून घेतलेच, पण मूळ पानावर जेथे माशी होती तेथे आपल्याही पानावर एक माशी मारून चिकटवली, आणि तेव्हापासून बुद्धी बाजूला ठेवून केलेल्या प्रत्येक नकलेस ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ हे बिरुद लागले. भाषांतरकारांना उद्देशून हे शब्द इतक्या वेळा उच्चारले गेले आहेत की, त्यांचा दुसरा एखादा अर्थ संभवतो हे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु जगात अशी काही थोडी माणसे आहेत, की ज्यांचे सारे आयुष्य एखाद्या माशीला तिचे स्थान शोधून देण्यात जाते. ही माशी कोणत्या कुलातली, कोणत्या वंशातली, तिच्या सख्ख्या बहिणी कोणत्या आणि चुलत बहिणी कोणत्या, तिला पूर्वी कोणी नाव दिले आहे की ती आजवर अनामिकच आहे, हे ठरविण्यासाठी जी दृष्टी आणि जी चिकाटी खर्ची पडते ती पाहिली म्हणजे, त्या लेखनिकाच्या माथी मारलेले हे शब्द काढून घेऊन या अभ्यासकांना सन्मानाने अर्पण करावेत, असे मला वाटते.

हा विचार मनात येण्यास निमित्त झाली ती एक गोमाशी. गेल्या भाद्रपदात जावळीच्या खोऱ्यातील एका आप्तांच्या घरी मी गेलो होतो. सकाळी पावसाची सर येऊन गेली होती, ऊन कोवळे पडले होते, आणि गोठ्याच्या आडोशाला उभा राहून मी पलीकडच्या डोंगरावरून ओघळणारे ढग पाहत असता माझ्या बाहीवर एक करड्या रंगाची माशी येऊन बसली. ती केव्हा आली हे कळले नाही, कारण तिच्या उड्डाणाला आवाज असा नव्हताच. तिने आपले पंख पाठीवर घराच्या छपरासारखे उतरते मिटले होते, त्या धुरकट पंखांवर पांढुरक्या ठिपक्यांची आणि वलयांची बारीक नक्षी होती, आणि तिचे डोळे हिरवे असून त्यांवरून जांभळट तांबूस रंगाचे नागमोडी पट्टे गेले होते. एवढ्याशा प्राण्याच्या डोळ्यांत पैठणीच्या काठाची आठवण व्हावी असे रंग असतील, ही गोष्ट माझ्या इतक्या वर्षांच्या आयुष्यात माझ्या ध्यानात आली नव्हती, आणि याची मला खंत वाटली.

गोमाशी आम्हांला अपरिचित नव्हे. श्रावण-भाद्रपदात बैल शेपटीचे फटके मारून, कातडी थरथरवून आणि पाय आपटून बेजार होतात, ते साध्या घरमाशीमुळे नव्हे. लहानपणी आमच्याकडे ज्यांना आम्ही सारी मुले तात्या म्हणत असू ते वृद्ध गडी बैलाच्या वशिंडाजवळ बसलेली टपोरी माशी तळहाताने नेमकी टिपत, आणि ‘रक्त पिती रं ही’ असे म्हणून ती आम्हांला दाखवीत. तिच्या फुटलेल्या पोटातून आलेले तांबडे रक्त आमच्या लाडक्या पाखऱ्या बैलाचे आहे, हे कळल्यावर आमच्या मनात त्या जातीविषयी जो द्वेष उत्पन्न झाला तो पुढे पुष्कळ वर्षे टिकला. संध्याकाळी गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करीत तो तिच्याचसाठी. कोणी हिला गोमाशी म्हणतात, कोणी घोडमाशी म्हणतात. लॅटिन भाषेत तिला ‘टॅबॅनस’ म्हणत, आणि १७५८ मध्ये लिनियसने प्राणिसृष्टीची आपली सुप्रसिद्ध मांडणी केली तेव्हा हाच शब्द त्याने या माश्यांच्या वंशाला दिला. त्या वंशावरून साऱ्या कुलाला टॅबॅनिडी असे नाव पडले, आणि आज या कुलात जगभर मिळून साडेचार हजारांच्या आसपास जाती गणल्या जातात.

तात्यांनी सांगितले ते खरे होते, पण अर्धेच खरे होते. रक्त पिते ती केवळ मादी, आणि तीही अंड्यांच्या पोषणासाठी. नराला चावण्याची साधनेच नसतात; तो फुलांतील मधुरसावर जगतो, आणि मादीही आपल्या उड्डाणाचे बळ मधुरसातूनच मिळविते. डास ज्याप्रमाणे सुईसारखी सोंड रक्तवाहिनीत नेमकी घालतो, तसे कौशल्य या मादीपाशी नाही. तिच्या मुखात सुरीच्या पात्यासारखे अवयव असतात. त्यांनी ती कातडी कापते, कापलेल्या जागी रक्ताचे लहानसे डबके साचते, आणि मग मुखाच्या टोकाशी असलेल्या मऊ, स्पंजासारख्या भागाने ती ते शोषून घेते. म्हणूनच तिचा दंश इतका वेदनादायक असतो, आणि वेदना होताच जनावर तिला हाकलते; अर्धवट भुकेली ती लगेच शेजारच्या जनावरावर जाऊन बसते. या एका साध्या गोष्टीत, म्हणजे भोजन अर्धे टाकून दुसऱ्या पानावर बसण्याच्या सक्तीत, तिच्या साऱ्या उपद्रवाचे मूळ आहे.

१८८० मध्ये सिंधू नदीकाठच्या डेरा इस्माईल खान येथे घोडे आणि उंट ‘सर्रा’ नावाच्या क्षयकारी ज्वराने मरत असता, ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या लष्करी पशुवैद्याने त्यांच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्म जीव पाहिले. या वर्गातील जीव प्राण्यांना रोग जडवितो असे प्रथमच निदर्शनास आले ते तेव्हा. पाच वर्षांनी जॉन हेन्री स्टील यांनी ब्रह्मदेशातील खेचरांत तोच रोग अभ्यासून त्या जीवाला इव्हान्सचे नाव दिले. १८८६ मध्ये परळला स्थापन झालेल्या आणि मुंबईकरांच्या तोंडी ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आवारातील मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य ते हेच स्टील. पुढे १८८९ मध्ये पुण्यास सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली, आणि तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी घोड्यांच्या सर्राविषयी केलेला सविस्तर अहवाल १८९३ साली मुंबईत छापला गेला. त्याच साली ती प्रयोगशाळा हिमालयात मुक्तेश्वरला हलली. रोग एका जनावरातून दुसऱ्यात जातो कसा, या प्रश्नाचा उलगडा लेनर्ड रॉजर्स यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी केला. रोगी जनावराला चावत असलेली गोमाशी मध्येच उठवून लगेच निरोगी जनावरावर बसू दिली, तर तिच्या मुखाला लागलेल्या ताज्या रक्तातूनच रोग संक्रमित होतो. मलेरियाच्या जंतूप्रमाणे या जंतूला कीटकाच्या पोटात वाढावे लागत नाही. माशी येथे केवळ एका दारचे रक्त दुसऱ्या दारी नेणारी हरकारी असते. हा रोग आपल्या देशातून आजही हद्दपार झालेला नाही. तेव्हा कोणती माशी कोणती, हे ओळखणे म्हणजे निरुद्योगी माणसाचा छंद होय असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी एकदा एखाद्या उंटवाल्याशी बोलून पाहावे.

माझ्या बाहीवरची माशी मी एका औषधाच्या रिकाम्या बाटलीत धरली, आणि तिच्या मागे लागलो. येथे पहिलाच धडा असा मिळाला, की जे प्रथम डोळ्यांत भरते तेच सर्वांत कमी विश्वासाचे असते. सायंकाळी मी बाटली उघडून पाहिले तो तिच्या नेत्रांतील हिरवा-जांभळा झगमगाट मावळला होता, आणि तेथे काळपट तपकिरी, निष्प्रभ असा पृष्ठभाग राहिला होता. हे रंग मोराच्या पिसाऱ्यातील रंगांच्या जातीचे असतात. रंगद्रव्याने नव्हे, तर नेत्रपटलाच्या अतिसूक्ष्म थरांवर प्रकाश परावर्तित होण्याने ते उत्पन्न होतात, आणि देह सुकला की ते नष्ट होतात. जाणते संग्राहक म्हणून माशी जिवंत असतानाच नेत्रांचे पट्टे टिपून ठेवतात, किंवा सुकलेला नमुना दमट डब्यात काही काळ ठेवून गेलेले रंग क्षणभर परत आणवितात.

ज्यावर विसंबता येते ती लक्षणे वेगळीच असतात, आणि ती पाहण्यास भिंग लागते. गोमाशीच्या पंखाच्या टोकाजवळ एक शीर दुभंगते, तिच्या दोन शाखा एकमेकींपासून फाकतात, आणि पंखाचे टोक बरोबर त्या दोहोंच्या मध्ये येते. जणू नदीच्या दोन फाट्यांनी एखादे बेट कवेत घेतले आहे. पंखाच्या मध्यभागी शिरांनी वेढलेला एक षट्कोनी कोष्ठ असतो. पायाच्या टोकाशी, दोन नखांच्या खाली, इतर पुष्कळ माश्यांना दोनच गाद्या असतात, तर हिला तीन असतात. शृंगिकेचा शेवटचा भाग वलयावलयांचा असतो. एवढी लक्षणे जुळली म्हणजे कुल ठरले. नर की मादी हे तर दूरवरूनही सांगता येते. नराचे दोन्ही नेत्र कपाळावर एकमेकांना येऊन भिडतात, आणि मादीच्या नेत्रांमध्ये कपाळाची एक पट्टी मोकळी राहते. माझी माशी मादी होती. बाहीवर येऊन बसली त्याअर्थी ती मादीच असणार.

त्यापुढे उपकुले तीन. मागच्या पायाच्या पोटरीला टोकाशी दोन बारीक काटे आहेत की नाहीत, हा येथील कळीचा प्रश्न. काटे नसतील तर ती टॅबॅनिनी या उपकुलात जाते; असतील तर क्रायसॉप्स आणि तिच्या भावंडांच्या उपकुलात, नाहीतर पँगोनिइनी या पुरातन उपकुलात. माझ्या माशीला काटे नव्हते. पंखांवर वलये होती, ते छपरासारखे मिटत होते, डोळ्यांतील पट्टे नागमोडी होते. या सर्वांवरून ती हीमॅटोपोटा या वंशाची आहे, येथवर मी निःशंकपणे येऊन पोहोचलो. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ ‘रक्त पिणारी’, म्हणजे तात्यांनी जे म्हटले तेच.

वंश ठरतो, पण जात ठरत नाही, आणि खरा डोंगर येथूनच चढावा लागतो. आपल्याकडे ओळखीच्या खुणेला अभिज्ञान असा सुंदर शब्द आहे. कालिदासाच्या शकुंतलेला एका अंगठीचा आधार होता, पण अभ्यासकाला येथे अशी एकच अंगठी कधी लाभत नाही. मादीच्या कपाळपट्टीची उंची रुंदीच्या किती पट आहे, ती वर रुंदावते की निमुळती होते, तिच्यावरचा चकचकीत फुगवटा चौकोनी आहे की बदामी, त्यातून वर जाणारी रेषा जाड आहे की सुईसारखी, शृंगिकेचा पहिला खंड फुगीर आहे की सडपातळ, उदराच्या कड्यांवर फिकट त्रिकोण आहेत की सलग पट्टा आहे, अशा पंधरा-वीस लक्षणांचा पंचनामा करावा लागतो. त्यासाठी जी कोष्टके रचलेली असतात त्यांत प्रत्येक पायरीवर दोनच पर्याय असतात. एक मान्य करावा, दुसरा नाकारावा आणि सांगितलेल्या क्रमांकावर पुढे जावे. १९११ साली कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमच्या नियतकालिकात गर्ट्रूड रिकार्डो या विदुषीने पौर्वात्य प्रदेशातील टॅबॅनस वंशाच्या जातींची छाननी प्रसिद्ध केली. नाना प्रांतांतून आलेल्या, कोणाचा पाय मोडलेला, कोणाची शृंगिका गळालेली, अशा शेकडो वाळल्या माश्यांमधून तिने जी व्यवस्था उभी केली तिच्यावर पुढच्या अभ्यासकांना पाय रोवून उभे राहता आले.

आणि एवढे सारे करूनही जेव्हा कोष्टकाचे एकही दार उघडत नाही, तेव्हा काय होते? त्याची एक हकीकत मला विशेष प्रिय आहे, आणि ती ऑस्ट्रेलियातील आहे.

क्वीन्सलँड प्रांताच्या ईशान्येस ॲथर्टन नावाचे पठार आहे. प्राचीन ज्वालामुखींनी घडविलेली त्याची माती तांबडी आणि सकस असून त्याच्या अंगावर उष्ण कटिबंधातील वर्षावनांचे अवशेष अद्याप टिकून आहेत. १९८१ साली तेथे एक गोमाशी सापडली, आणि तिच्यासह आणखी दोन, पूर्वी कोणाला ठाऊक नसलेले असे नमुने मिळाले. त्या माशीचे वैशिष्ट्य एका दृष्टिक्षेपात कळण्यासारखे होते. तिच्या उदरावर दाट सोनेरी केस होते, इतके दाट की देहाचा मागचा भाग सोन्याच्या मुलाम्याने मढविल्यासारखा दिसावा. तरी ती नमुन्यांच्या संग्रहात टाचणीवर तीस वर्षे नावावाचून राहिली. हे ऐकून कोणाला अनास्थेचा संशय येईल, पण तो अन्यायाचा होईल. मोठ्या संग्रहांत कीटकांचे लक्षावधी नमुने असतात आणि त्या त्या कुलाचे जाणकार बोटांवर मोजण्याइतके. एखादी माशी नवी आहे असे म्हणावयाचे तर आजवर नोंदल्या गेलेल्या तिच्या सर्व नातलगांपेक्षा ती वेगळी आहे, हे एकेकीशी ताडून दाखवावे लागते. ती जुनी आहे हे एका साम्याने सिद्ध होते, ती नवी आहे हे सिद्ध होण्यास सगळे भेद हाती असावे लागतात.

ऑस्ट्रेलियातील गोमाश्यांपुरते हे दप्तर पूर्वी इयन मॅकेरस यांनी लावून ठेवले होते. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैन्याच्या कीटकशास्त्र विभागाचे संचालकपद सांभाळून हिवतापाशी झगडलेला, आणि युद्धानंतर क्वीन्सलँडच्या वैद्यकीय संशोधनसंस्थेचा पहिला संचालक झालेला हा पुरुष, आपल्या उत्तर आयुष्यात गोमाश्यांच्या कपाळपट्ट्या मोजीत बसला, आणि ज्या गटात ही सोनेरी माशी मोडते त्या गटावरील त्याचा विस्तृत प्रबंध १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर पन्नास वर्षांनी कॅनबरा येथील राष्ट्रीय कीटकसंग्रहात काम करणाऱ्या ब्रायन लेसार्ड या तरुण अभ्यासकाने ते दप्तर पुन्हा उघडले. मॅकेरसने ज्या पायऱ्या बांधल्या होत्या त्यांवरून चढत जाऊन, जेथे पायरी संपत होती तेथे त्याने नवी बसविली. आणि डेव्हिड येट्स या आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यासमवेत २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात या माशीचे शास्त्रीय वर्णन, सुधारित कोष्टकासह, जगापुढे मांडले.

नाव देताना लेसार्डने एक गोष्ट केली, तिची चर्चा वृत्तपत्रांत देशोदेशी झाली. माशी सापडली ते १९८१ साल हे अमेरिकेची विख्यात गायिका बियॉन्से हिचे जन्मवर्ष. माशीच्या देहावरील सोन्याने त्याला त्या गायिकेच्या तेजस्वी रंगमंचीय रूपाची आठवण करून दिली, आणि त्याने जातीला ‘बियॉन्सेई’ हे नाव दिले. नामकरणाची ही रीत आपल्या वाचकांना समजण्यास मुळीच कठीण नाही, कारण ती विभक्तीची रीत आहे. व्यक्तीच्या नावापुढे लॅटिन भाषेचा षष्ठीचा प्रत्यय जोडावयाचा; स्त्री असेल तर ‘एई’, पुरुष असेल तर ‘आय’. सर्राच्या जंतूला ‘इव्हान्साय’ म्हणजे इव्हान्सचा म्हणतात, तशीच ही ‘बियॉन्सेई’ म्हणजे बियॉन्सेची. एका गायिकेचे नाव माशीला द्यावे हे काहींना थिल्लर वाटले असेल. मला तसे वाटत नाही. ज्या लक्षावधी लोकांनी आयुष्यात कधी गोमाशीचा विचार द्वेषावाचून केला नसेल, त्यांना या एका नावामुळे ॲथर्टनच्या पठाराकडे क्षणभर का होईना पाहावेसे वाटले, आणि आपल्या सृष्टीत अद्याप नावाची वाट पाहणारे जीव कितीतरी आहेत हे कळले. नावाने एवढे साधले तर त्याने आपले काम चोख केले.

जातीचे नाव कायम राहते, वंशाचे मात्र ज्ञानाबरोबर बदलू शकते. २०११ मध्ये ही माशी स्कॅप्टिया या मोठ्या वंशातील प्लिंथिना या उपवंशात घातली गेली होती. पुढे लेसार्डनेच साऱ्या गटाची नव्याने छाननी केली, तेव्हा प्लिंथिनाला स्वतंत्र वंशाचा दर्जा मिळाला, आणि आज तिचे पूर्ण नाव प्लिंथिना बियॉन्सेई असे लिहिले जाते. हा बदल म्हणजे पूर्वीच्या अभ्यासकाची चूक नव्हे. मोजणीदाराने शंकूसाखळीने मोजलेल्या जमिनीची फेरमोजणी झाली म्हणजे सातबाऱ्यावर पोटहिश्श्याचा नवा नंबर पडतो, तसा तो आहे.

या माशीचे गोत्र ज्या जमातीत जाते तिचे नाव सायोनिनी. नेत्रांवर दाट केस असणे ही त्या जमातीची एक खूण, आणि तिचे सदस्य दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि न्यूझीलंड अशा, आज मधे महासागर पसरलेल्या भूभागांत आढळतात. असे विखुरलेले आप्तगण पाहिले म्हणजे अभ्यासकांना एके काळी सलग असलेल्या त्या विशाल दक्षिण खंडाचे स्मरण होते. त्या खंडाला भूवैज्ञानिक ज्या नावाने ओळखतात ते नाव मात्र आपल्या अगदी घरचे आहे. गोंडवन हे गोंड राजांच्या मुलखाचे नाव, ज्याची एक बाजू आपल्या चांदा-भंडाऱ्याला येऊन भिडते. तेथील खडकांवरून ते नाव खडकांच्या मालिकेला मिळाले, आणि मग लुप्त झालेल्या साऱ्या महाखंडाला. चंद्रपूरच्या कोळशाच्या खाणीत उतरणारा मजूर आणि क्वीन्सलँडची सोनेरी माशी यांची नावे एकाच भूगोलाच्या वहीत अशी जवळजवळ येतात, याचे मला फार कौतुक वाटते.

वृत्तपत्रांनी सोन्याची चर्चा केली, पण लेसार्डचा खरा आग्रह दुसऱ्याच गोष्टीवर होता, असे मला दिसते. या माश्या दिवसा ग्रेव्हिलिया, टी-ट्री आणि निलगिरीच्या जातीच्या वृक्षांच्या फुलांपुढे मधुरस पीत असतात, आणि त्या ओघात परागाची ने-आण करतात. ज्या प्राण्याला आम्ही केवळ रक्तपिपासू म्हणून ओळखतो तो फुलांचा दूतही आहे. याचे याहूनही विलक्षण उदाहरण आपल्या शेजारी हिमालयात आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल तोफखान्यातील सेनाधिकारी टॉमस हार्डविक यांनी १८२३ मध्ये नेपाळातील एका माशीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला ‘लाँगिरॉस्ट्रिस’ म्हणजे दीर्घचंचू असे म्हटले, कारण तिची सोंड तिच्या स्वतःच्या देहापेक्षाही लांब होती. आज ती फिलोलिची या वंशात गणली जाते. एवढ्या लांब सोंडेचा उपयोग काय? आल्या-हळदीच्या कुलातील रॉस्कोइया पर्प्युरिया नावाचे एक जांभळे फूल पावसाळ्यात हिमालयाच्या उतारांवर फुलते, त्याची नळी फार लांब असते आणि मधुरस तळाशी असतो. नेपाळात केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तो असा, की तेथे या फुलाचे परागण परिणामकारकपणे करणारी ही एकच माशी आहे. हार्डविकच्या लेखणीने तिचे नाव लिहिले गेल्यापासून तिच्या सोंडेचे प्रयोजन पुरेपूर सिद्ध होण्यास जवळजवळ दोनशे वर्षे लागली. मला वाटते, जावळीच्या खोऱ्यात श्रावणात फुलणाऱ्या चवराच्या आणि तेरड्याच्या फुलांपुढे कोणत्या माश्या घिरट्या घालतात, हेही आपल्यापैकी कोणीतरी एक पावसाळा मांडी ठोकून पाहिले पाहिजे.

पाहण्याचे मार्ग आहेत. स्वीडनचे कीटकज्ञ रेने मलेझ ब्रह्मदेशात १९३४ च्या सुमारास फिरत असता त्यांच्या ध्यानात आले, की तंबूत शिरलेले कीटक बाहेर पडण्यासाठी नेहमी वर चढतात आणि वरच्या कोपऱ्यात जमतात. त्यांनी त्या कोपऱ्याला भोक पाडून तेथे डबी लावली, आणि जगभर वापरला जाणारा कापडी सापळा जन्माला आला. गोमाश्यांसाठी आणखी एक सोपी युक्ती आहे. त्यांना गडद, चकचकीत, उन्हात तापलेली वस्तू आकर्षून घेते. म्हणून काळा गोळा टांगून त्यावर शंकूसारखी जाळी बसवितात. मात्र या सर्व उपायांनी सापडतात त्या बहुतांशी माद्याच. रक्ताच्या शोधात नसलेला नर झाडांच्या शेंड्यांवर आणि फुलांवर आपल्या उद्योगात असतो, आणि संग्रहांच्या पेट्यांत त्याची जागा पुष्कळदा रिकामी राहते. अळीचे तर विचारूच नये. ओढ्याकाठच्या चिखलात गांडुळे आणि इतर लहान जीव खाऊन महिनोन्‌महिने वाढणारी ती अळी कोणत्या माशीची, हे तिला वाढवून माशी बाहेर पडेपर्यंत निश्चित कळत नाही.

माझी हीमॅटोपोटा मी घरी आणली. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, हे मला ठाऊक होते. पण एखादा नमुना तेथील जाणकारांपुढे ठेवण्याआधी तो ठेवण्याच्या लायकीचा असला पाहिजे. म्हणून एका शास्त्रज्ञ स्नेह्यांकडून मी टाचणी लावावयास शिकलो. ती वक्षाच्या मध्यरेषेतून न घालता किंचित उजवीकडून घालावी, म्हणजे निदान एका बाजूची लक्षणे अभंग राहतात. पहिल्या प्रयत्नात माझ्याकडून एक पंख किंचित फाटला, तो डावा होता. त्यांनी मग मला सांगितले, की टाचणीवरची माशी मोडली तरी चालते, पण तिच्याखालची चिठ्ठी हरवता कामा नये. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे मौजे, तालुका आणि तारीख नसलेला दस्त, त्याच्या आधारे कोणताही हक्क शाबीत होत नाही. ॲथर्टनच्या सोनेरी माशीपाशी १९८१ हे साल आणि त्या पठाराचे नाव होते, म्हणूनच तीस वर्षांनी ती नुसती शोभेची वस्तू न ठरता साक्षीदार ठरली.

मग बारीक टाकाने, काळ्या शाईने, करंगळीच्या नखाएवढ्या कागदावर मी लिहिले: जावळी तालुका, जिल्हा सातारा, भाद्रपद, पावसाची सर येऊन गेल्यावर, सकाळी, गोठ्याजवळ, माणसाच्या बाहीवर, मादी, नेत्र जिवंतपणी हिरवे, पट्टे जांभळट, नागमोडी. खाली जातीच्या नावासाठी एक ओळ कोरी सोडली, आणि पेटीचे झाकण लावले.